कार्यालयांतील आरएफआयडी यंत्रणा : प्रवेशाइतकाच बाहेर पडण्याचा विचार आवश्यक

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद आणि गाझियाबाद या राजधानी परिसरातील अनेक कार्यालयांत, कारखान्यांत आणि गोदामांत कर्मचाऱ्यांचा प्रवेश आता गळ्यातील ओळखपत्रावरच अवलंबून असतो. ओळखपत्र दाराजवळच्या यंत्रासमोर धरले की हिरवा दिवा लागतो आणि कुलूप सुटते. ज्या तंत्रामुळे हे घडते, त्याला ‘रेडिओ लहरींद्वारे ओळख’ किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आरएफआयडी’ असे म्हणतात. हजेरी, गोदामातील मालाची मोजदाद आणि वाहनतळावरील प्रवेश यांसाठीही हेच तंत्र वापरले जाते.

ही यंत्रणा बसवताना व्यवस्थापनाचा भर साहजिकच कोणाला आत येऊ द्यायचे, यावर असतो. परंतु वीज गेली, आग लागली किंवा पाणी शिरले, तर आतील माणसे बाहेर कशी पडतील आणि यंत्रणेत दररोज साठणाऱ्या नोंदींचे पुढे काय होईल, हे दोन प्रश्न बहुधा नंतरसाठी ठेवले जातात. दिल्लीत गेल्या काही वर्षांत घडलेल्या दुर्घटना पाहता या प्रश्नांची उत्तरे यंत्रणा विकत घेण्यापूर्वीच मिळायला हवीत.

तंत्राचे स्वरूप

आरएफआयडी यंत्रणेचे तीन मुख्य भाग असतात. ओळखपत्रात किंवा चिकटपट्टीत बसवलेली सूक्ष्म चकती आणि तिला जोडलेला तारेचा किंवा धातूच्या पापुद्र्याचा अँटेना, हा पहिला भाग. त्याला सामान्यतः ‘टॅग’ म्हणतात. रेडिओ लहरी सोडून टॅगवरील क्रमांक वाचणारे वाचक यंत्र हा दुसरा भाग आणि त्या क्रमांकाचा अर्थ लावून दार उघडायचे की नाही हे ठरवणारा नियंत्रक व संगणक हा तिसरा. नेहमीच्या ओळखपत्रात बॅटरी नसते. वाचक यंत्राच्या लहरींतूनच त्याला क्षणभरापुरती ऊर्जा मिळते आणि त्या ऊर्जेवर ते आपला क्रमांक कळवते.

कोणत्या कामासाठी कोणती वारंवारता निवडावी, यावर यंत्रणेचे यश अवलंबून असते. १२५ किलोहर्ट्झवर चालणारी जुन्या पद्धतीची ओळखपत्रे आणि १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारी स्मार्ट कार्डे साधारणपणे काही सेंटीमीटर अंतरावरूनच वाचली जातात. दारासाठी हे योग्यच आहे, कारण शेजारून जाणाऱ्या माणसाच्या ओळखपत्राने दार उघडता कामा नये. वाहने आणि माल यांच्यासाठी मात्र काही मीटर अंतरावरून वाचता येणारे अतिउच्च वारंवारतेचे टॅग लागतात. या लहरी धातूवरून परावर्तित होतात आणि पाणी त्या शोषून घेते. त्यामुळे लोखंडी मांडण्यांच्या किंवा पाण्याने भरलेल्या पिंपांच्या गोदामात कागदावरची योजना जशीच्या तशी उतरत नाही. जागेवर चाचणी घेऊनच अँटेनाचे स्थान आणि दिशा ठरवावी लागते. धातूवर लावण्यासाठी वेगळ्या बनावटीचे टॅग मिळतात.

राजधानीतील नागरिकांना हे तंत्र नवे नाही. २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी या मार्गावर दिल्ली मेट्रोचे उद्घाटन झाले, तेव्हापासून प्रवाशांच्या हाती स्पर्शाविना वाचली जाणारी कार्डे व टोकन आली. राष्ट्रीय महामार्गांवरील फास्टॅग हाही आरएफआयडीचाच प्रकार असून, १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून तेथील पथकर नाक्यांच्या सर्व मार्गिका फास्टॅगसाठी राखण्यात आल्या. त्याआधी २०१९ मध्ये दिल्लीत प्रवेश करणाऱ्या व्यावसायिक वाहनांसाठी १३ प्रमुख सीमानाक्यांवर आरएफआयडी टॅग सक्तीचा करण्यात आला होता. कार्यालये आणि कारखाने यांत हेच तंत्र येते, तेव्हा मात्र एक फरक पडतो. महामार्गावरील टॅग वाहनाची नोंद करतो, तर कार्यालयातील ओळखपत्र माणसाची वाट अडवू शकते.

परवान्याचा नियम

वारंवारतेबाबत भारतात निश्चित नियम आहेत. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा आरएफआयडी उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. त्यासाठी प्रक्षेपकाची कमाल शक्ती १ वॅट आणि अँटेनातून प्रभावीपणे बाहेर पडणारी शक्ती ४ वॅट अशी मर्यादा ठेवण्यात आली. परवानामुक्त याचा अर्थ नियममुक्त असा नव्हे. अशा उपकरणांच्या नमुन्याला दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची मान्यता असावी लागते.

याचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. अमेरिकेत याच कामासाठी ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरला जातो. त्या बाजारासाठी बनवलेले वाचक यंत्र स्वस्तात मिळाले म्हणून बसवले, तर ते भारतात मोबाइल सेवेला दिलेल्या वारंवारतांमध्ये व्यत्यय आणू शकते. त्यामुळे खरेदीच्या आदेशातच भारतीय पट्टा, शक्तीची मर्यादा आणि मान्यतेचे प्रमाणपत्र या तीन अटी लिहिणे हिताचे ठरते.

दार आणि आणीबाणी

२७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी दिल्लीतील जुन्या राजेंद्र नगर भागात एका शिकवणी संस्थेच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. या तळघरात ग्रंथालय चालवले जात होते. तेथील दाराला बोटाच्या ठशावर उघडणारी यंत्रणा होती आणि वीज गेल्यावर ते दार अडकले, असे विद्यार्थ्यांनी सांगितल्याच्या बातम्या त्या वेळी प्रसिद्ध झाल्या होत्या. ती यंत्रणा ओळखपत्राची नव्हती. मात्र ओळख पटवण्याचे साधन कोणतेही असले तरी त्यामागील विजेचे कुलूप एकाच जातीचे असते आणि म्हणून या घटनेचा धडा आरएफआयडी यंत्रणेलाही तितकाच लागू पडतो.

विजेची कुलपे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारचे कुलूप वीज असेपर्यंतच बंद राहते आणि वीज तुटताच सुटते. दुसऱ्या प्रकारचे कुलूप वीज गेल्यावरही बंदच राहते. माणसांच्या ये-जा करण्याच्या मार्गावर पहिल्या प्रकारचे कुलूप असावे. रोकड किंवा मौल्यवान साहित्य ठेवण्याच्या खोलीसाठी दुसऱ्या प्रकारचे कुलूप चालू शकते. पण तेथेही आतून हाताने फिरवून उघडणारी मूठ असलीच पाहिजे.

काचेच्या दारांवर वरच्या बाजूला जे विद्युतचुंबकीय कुलूप दिसते, ते पहिल्या प्रकारचे असते. बाजारात सर्रास मिळणारे असे कुलूप सुमारे २७० किलोग्रॅम वजनाइतकी ओढ सहन करते. घाबरलेल्या माणसाला ते खेचून उघडता येणे शक्य नाही. वीज गेली की ते आपोआप सुटते, असे गृहीत धरले जाते. परंतु येथेच एक मोठी चूक दडलेली असते. नियंत्रकाच्या पेटीत वीजपुरवठा खंडित होऊ नये म्हणून बॅटरी ठेवलेली असते. अर्धा अँपिअर प्रवाह घेणारे कुलूप १२ व्होल्टच्या, ७ अँपिअर-तास क्षमतेच्या साध्या बॅटरीवर दहा तासांहून अधिक काळ बंद राहू शकते. म्हणजे इमारतीतील दिवे गेले तरी दार मात्र बंदच राहते. बॅटरी सुरक्षेसाठी बसवलेली असते आणि आणीबाणीत तीच अडसर ठरते.

यावरील उपाय महागडे नाहीत. आगीची सूचना देणाऱ्या यंत्रणेची तार थेट कुलपाच्या वीजपुरवठ्यावर असावी आणि धोक्याची घंटा वाजताच बॅटरीसह सर्व पुरवठा तुटावा. हे काम संगणकातील आज्ञेवर सोपवू नये, कारण आगीत सर्वप्रथम बंद पडण्याचा संभव संगणक आणि त्याच्या जाळ्याचाच असतो. दाराच्या आतल्या बाजूला हिरव्या रंगाची, काच किंवा पट्टी दाबून वीज तोडणारी पेटी असावी. बाहेर पडण्याचे बटण नियंत्रकाला केवळ विनंती पाठवणारे नसावे, तर त्याने कुलपाचा प्रवाह स्वतःच तोडला पाहिजे.

बाहेर पडण्याच्या दारांना किल्लीची गरज नसावी, हे तत्त्व २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही नमूद आहे. ज्या बाजूने लोक बाहेर पडतात, त्या बाजूने दार किल्लीविना उघडता आले पाहिजे, असे ही संहिता सांगते. ओळखपत्र ही किल्लीच होय. त्यामुळे आगीच्या वेळी वापरायच्या मार्गावर बाहेर पडण्यासाठी ओळखपत्र दाखवण्याची सक्ती करणे या तत्त्वाशी विसंगत ठरते. बाहेर जाण्याची नोंद हवी असल्यास वाचक यंत्र जरूर असावे; परंतु नोंद झाली नाही म्हणून दार अडू नये. तळघरासारख्या जागेत तर एकाच दारावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे, कारण पाण्याच्या दाबापुढे कुलूप सुटूनही दार हलेलच असे नाही.

वीजपुरवठ्याबाबत राजधानी परिसराची आणखी एक अडचण आहे. वायुप्रदूषणामुळे येथे डिझेल जनित्रांच्या वापरावर निर्बंध असून, १ ऑक्टोबर २०२३ पासून उत्सर्जन नियंत्रणाच्या अटी पूर्ण करणारी किंवा दुहेरी इंधनावर चालणारी जनित्रेच वापरण्याचे बंधन वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने घातले. त्यामुळे जनित्र आहेच, असे गृहीत धरून प्रवेश यंत्रणेची आखणी करता येत नाही.

आत कोण आहे, याची यादी

आरएफआयडी यंत्रणेचा सर्वांत मोलाचा, पण फारसा न वापरला जाणारा उपयोग म्हणजे आणीबाणीच्या वेळची शिरगणती. १३ मे २०२२ रोजी पश्चिम दिल्लीतील मुंडका येथे एका व्यापारी इमारतीला लागलेल्या आगीत २७ जणांचा मृत्यू झाला. अनेक मृतदेहांची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचण्या कराव्या लागल्या आणि तोपर्यंत नातेवाइकांना रुग्णालयांत ताटकळावे लागले. अशा प्रसंगी आत नेमके कोण होते, याची विश्वासार्ह यादी अग्निशमन दलाच्या हाती पडली, तर शोधकार्याची दिशा ठरू शकते.

अशी यादी उपयोगी पडण्यासाठी तीन गोष्टी पाळाव्या लागतात. यादीची प्रत त्याच इमारतीतील संगणकात न राहता बाहेर, सुरक्षारक्षकाच्या किंवा जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती उपलब्ध असावी. कंत्राटी कामगार, सफाई कर्मचारी आणि अभ्यागत यांनाही टॅग द्यावेत, कारण यादीतून हीच माणसे सुटण्याचा संभव जास्त असतो. तसेच एकाच्या मागोमाग दुसऱ्याने दारातून जाण्याची सवय मोडावी लागते, कारण एका ओळखपत्रावर तिघे आत गेले तर यादीत एकच नाव उमटते. जमण्याच्या ठिकाणी, म्हणजे इमारतीबाहेरील मोकळ्या जागेत, एक हाती वाचक यंत्र ठेवल्यास कोण बाहेर आले हे लगेच समजते. तरीही ही यादी ओळखपत्रांची आहे, माणसांची नाही, हे शोधपथकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

बनावट ओळखपत्राचा धोका

यंत्रणा ओळखपत्र ओळखते, ते धारण करणारा माणूस ओळखत नाही, ही तिची मूळ मर्यादा आहे. सहकाऱ्याचे ओळखपत्र दाखवून त्याची हजेरी लावणे त्यामुळे शक्य होते. १२५ किलोहर्ट्झची जुनी ओळखपत्रे आपला क्रमांक कोणालाही, कसलीही खातरजमा न करता सांगतात आणि स्वस्त उपकरणाने त्यांची नक्कल करता येते.

१३.५६ मेगाहर्ट्झची सर्वच कार्डे सुरक्षित असतात, असेही नाही. जगभर कोट्यवधींच्या संख्येने वापरल्या गेलेल्या ‘मायफेअर क्लासिक’ या कार्डाची गुप्त संकेतपद्धती २००७ च्या अखेरीस संशोधकांनी उलगडण्यास सुरुवात केली. मार्च २००८ मध्ये नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावर आधारित प्रवेशपत्राची नक्कल करून दाखवली. उत्पादक कंपनीने हे संशोधन प्रसिद्ध होऊ नये म्हणून न्यायालयात धाव घेतली. मात्र जुलै २००८ मध्ये डच न्यायालयाने ती मागणी फेटाळली. ऑगस्ट २०२४ मध्ये याच कार्डाशी सुसंगत असलेल्या एका चिनी बनावटीच्या चकतीत छुपी किल्ली असल्याचे संशोधकांनी उघड केले. इतक्या वर्षांनंतरही अशी कार्डे जगभर कार्यालयांत आणि हॉटेलांत वापरात होती.

नवी यंत्रणा घेताना एईएस या प्रमाणित संकेतपद्धतीवर चालणारी कार्डे निवडावीत आणि कारखान्यातून आलेल्या मूळ किल्ल्या बदलून स्वतःच्या किल्ल्या बसवाव्यात. केवळ कार्डाचा क्रमांक वाचून दार उघडण्याची पद्धत टाळावी, कारण कार्ड उत्तम असले तरी या पद्धतीत त्याच्या संरक्षणाचा काहीच उपयोग होत नाही. वाचक यंत्र आणि नियंत्रक यांमधील तारही महत्त्वाची आहे. ‘वीगँड’ या जुन्या पद्धतीत ही माहिती उघडपणे जाते, तर ‘ओएसडीपी’ या नव्या पद्धतीत ती संकेतबद्ध करता येते. नियंत्रकाची पेटी दाराच्या बाहेर न बसवता सुरक्षित बाजूला असावी. हरवलेले ओळखपत्र त्याच दिवशी रद्द करण्याची जबाबदारी एका नेमलेल्या व्यक्तीवर असावी.

बोटांच्या ठशांची पद्धत हा यावर परिपूर्ण पर्याय नाही. मार्च २०२० मध्ये कोविडच्या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारच्या कार्यालयांतील बायोमेट्रिक हजेरी स्थगित करावी लागली होती. शिवाय ओळखपत्राची नक्कल झाली तर ते बदलता येते, बोट बदलता येत नाही. अधिक जोखमीच्या दारांसाठी ओळखपत्राच्या जोडीला गुप्त क्रमांक ठेवणे हा सुटसुटीत मार्ग आहे.

रुग्णालये आणि ज्वालाग्राही पदार्थ

सामान्य कार्यालयातील वाचक यंत्रांची शक्ती कमी असते. तरीही दूरवरून वाचणाऱ्या अँटेनासमोर कोणाचीही कायमची बैठक असू नये आणि उत्पादकाच्या पुस्तिकेतील अंतर पाळावे. ज्यांच्या शरीरात हृदयगती नियंत्रित करणारे उपकरण आहे, अशा कर्मचाऱ्यांना यंत्राचे स्थान सूचनाफलकाद्वारे कळवावे.

रुग्णालयांत विशेष दक्षता हवी. ॲमस्टरडॅम येथील संशोधकांचा एक अभ्यास २००८ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात अतिदक्षता विभागात वापरल्या जाणाऱ्या ४१ उपकरणांवर १२३ चाचण्या घेण्यात आल्या. ३४ वेळा व्यत्यय आढळला आणि त्यांपैकी २२ प्रसंग धोकादायक ठरवण्यात आले. या चाचण्या रुग्णांवर नव्हे, तर रुग्ण नसताना घेतल्या होत्या. त्यांचा निष्कर्ष असा की, अतिदक्षता विभागात असे यंत्र बसवण्यापूर्वी तेथील उपकरणांसह प्रत्यक्ष चाचणी आवश्यक आहे.

पेट्रोलियम पदार्थ, द्रावक किंवा वायू यांच्या साठवणुकीच्या क्षेत्रात साधे वाचक यंत्र चालत नाही. ठिणगीचा धोका नसलेल्या बनावटीचे आणि नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची मान्यता असलेले उपकरणच तेथे वापरावे लागते.

नोंदी, वेतन आणि खासगीपणा

दाराचे यंत्र प्रत्येक प्रवेशाची वेळ नोंदवते. या नोंदींवरून हजेरी आणि हजेरीवरून वेतन ठरू लागले की, यंत्राची एक चूक कामगाराच्या एका दिवसाच्या मजुरीवर उठू शकते. कंत्राटी कामगाराला ती चूक सिद्ध करणे अधिक अवघड जाते. म्हणून न वाचल्या गेलेल्या नोंदीबाबत तक्रार करण्याची सोपी, लेखी पोच देणारी पद्धत असावी आणि सुरुवातीचे काही आठवडे जुना हजेरीपटही समांतर चालू ठेवावा.

खासगीपणाचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा अधिकार हा मूलभूत अधिकार असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मंजूर झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित करण्यात आले. कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार असून, मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. नोकरीशी संबंधित कारणांसाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरण्यास हा कायदा मालकाला मुभा देतो. मात्र तिच्या सुरक्षेची जबाबदारीही त्याच्यावर टाकतो. माहितीच्या रक्षणात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा की, नोंदी कशासाठी घेतल्या जातात, त्या कोण पाहू शकतो आणि किती दिवसांनी पुसल्या जातात, हे कर्मचाऱ्यांना त्यांच्या भाषेत लेखी सांगितले पाहिजे. सुरक्षेसाठी बसवलेले यंत्र उपाहारगृहात किंवा प्रसाधनगृहाकडे गेलेल्या वेळा मोजण्यासाठी वापरले जाऊ लागले, तर विश्वास ढासळतो. मग कर्मचारी ओळखपत्रांची अदलाबदल करू लागतात, दारे अडकवून उघडी ठेवली जातात आणि आणीबाणीत उपयोगी पडणारी यादीच खोटी ठरते.

स्वीकारण्यापूर्वीची चाचणी

यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीचे काम संपले, असे मानण्यापूर्वी काही साध्या चाचण्या कर्मचाऱ्यांच्या उपस्थितीत घ्याव्यात. इमारतीचा मुख्य वीजपुरवठा बंद करून प्रत्येक दार आतून उघडते का, हे पाहावे. बॅटरी जोडलेली असताना धोक्याची घंटा वाजवून तीच तपासणी पुन्हा करावी. संगणकाचे जाळे तोडून दारे कशी वागतात, याची नोंद घ्यावी. एक ओळखपत्र रद्द करून ते खरोखर नाकारले जाते का, हे पाहावे. शेवटी, सर्वांना बाहेर बोलावून यंत्राची यादी आणि प्रत्यक्ष शिरगणती यांची पडताळणी करावी. या चाचण्या दर सहा महिन्यांनी आणि बांधकामात बदल केल्यावर पुन्हा घ्याव्यात व त्यांची नोंदवही ठेवावी.

यातील एकाही चाचणीसाठी मोठा खर्च किंवा विशेष उपकरण लागत नाही. खर्च होतो तो फार तर अर्ध्या दिवसाच्या कामाचा. ज्या इमारतीत ही तपासणी अद्याप झालेली नाही, तेथील कर्मचाऱ्यांनी ती मागावी आणि व्यवस्थापनाने ती घ्यावी. वीज गेलेल्या अंधारात आतले दार हाताने उघडले, तरच ती यंत्रणा नीट बसवली गेली असे म्हणता येईल.